पत्रिकेच्या पाठीवरचं ऑइल

गडचिरोलीकडच्या धानोऱ्यात मी खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांनी माझं नाव, गाव, लग्न, यातलं काहीच विचारलं नाही. अंगणात बाजेवर बसलेले ते गृहस्थ उठले, मला वळसा घालून सरळ माझ्या गाडीकडे गेले आणि बोनेटवर तळहात ठेवून उभे राहिले.

"लांबून आल्या वाट्टे," ते म्हणाले. "दहा मिनटं थांबू. मंग उघडा."

दहा मिनिटं आम्ही तसेच उभे. मी साताऱ्याकडची, पशुवैद्यकीय दवाखान्यात नवी रुजू झालेली, आणि मावसभावाची जुनी छोटी डिझेल गाडी घेऊन दोन दिवसांचा प्रवास करून आलेली. मला फक्त पंख्याखाली बसायचं होतं. दहा मिनिटं झाल्यावर त्यांनी बोनेट उघडून घेतलं, ऑइलचं गेज म्हणजे ती लांब पट्टी ओढली, टोकावरचं ऑइल अंगठा आणि बोटात चोळलं, डोळे मिटले, मग हुंगलं.

"हे कवा बदललं?"

"मावसभावाने बदललं असेल."

"असंन म्हनजे? तुमच्या दवाखान्यात कोनी बैल आनला आन म्हने, याले काल ताप असंन, तर चालते काय तुमाले?"

"नाही चालत."

"मंग." त्यांनी पट्टी परत खोचली, बोनेट लावलं आणि खोलीची किल्ली माझ्या हातात दिली. नाव त्यांनी तिसऱ्या दिवशी विचारलं.

सगळी गल्ली त्यांना भाऊ म्हणायची, मीही तेच म्हणू लागले. त्यांनी सरकारी खात्यात तीस-बत्तीस वर्षं जीप चालवली होती. धानोऱ्यापासून सिरोंच्यापर्यंत असा रस्ता नव्हता, ज्याचे खड्डे त्यांना पाठ नव्हते. आणि निवृत्त झाल्यावर त्यांच्या घरात एकही इंजिन नव्हतं. मोटारसायकलसुद्धा नाही. ते सायकलने फिरायचे. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "चालवाची हौस फिटली. समजाची रायली ना."

ही समजण्याची हौस म्हणजे काय, ते मला पहिल्या रविवारी कळलं. सकाळी ते माझ्या दारात एक जुनी लग्नपत्रिका घेऊन उभे. मला वाटलं, आमंत्रण आहे. त्यांनी ती पालथी केली, कोऱ्या बाजूवर माझ्या गाडीच्या पट्टीवरून ऑइलचा एक थेंब सोडला, बाजूला पेन्सिलने तारीख आणि किलोमीटर लिहिले आणि पत्रिका कपाटावर वाळत ठेवली.

"उद्या वाचू," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी थेंब पसरून रुपयाच्या नाण्याएवढा डाग झाला होता. मधे काळाकुट्ट गाभा, त्याला धारदार कड, बाहेर एक फिकट पिवळं वर्तुळ. भाऊंनी मला ते बोटाने एकेक दाखवलं. काजळी मधेच साचून राहिली आहे, म्हणजे ऑइल थकलं, त्याच्याने ती आता वाहून नेववत नाही. बाहेरचा पिवळा पट्टा रुंद आहे, म्हणजे ऑइलमध्ये थोडं डिझेल उतरलं आहे. कड फाटकी असती तर पाणी. चांगल्या ऑइलचा डाग कसा असतो, तर सारखा, राखाडी, थेट काठापर्यंत पसरलेला.

"ऑइल खरं बोलते, डॉक्टरबाई. मालक खोटं बोलते."

त्यांच्याकडे अशा डागांच्या पाच-सहा फायली होत्या. धानोऱ्यातली, रांगीतली, पेंढरीतली ट्रॅक्टरं, जीपा, एक तांदळाच्या गिरणीचं इंजिनसुद्धा. सगळे डाग लग्नपत्रिकांच्या पाठीवर. एका बाजूला गणपती, वधूवरांची नावं, 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं', आणि मागे कुणाच्या तरी इंजिनाचा आजार. अलीकडच्या पत्रिकांवर मात्र ते नाराज होते. "चकचकीत करून राह्यले सारे. तेल पीतच नाई."

बाई, म्हणजे त्यांची बायको, चुलीपाशी बसून हे ऐकायच्या. "यायले भाजीत मीठ कमी झालं तं समजत नाई," त्या मला म्हणाल्या, "आन गावभरच्या गाड्यायचं तेल हुंगून सांगतेत."

मी मूळची चौकस. जनावराच्या शेणाचे, रक्ताचे नमुने काचपट्टीवर घेऊन बघण्यात माझं अर्धं आयुष्य गेलेलं. त्यामुळे हा माणूस मला विक्षिप्त वाटला तरी परका वाटला नाही. त्यांना बरा कागद मिळावा म्हणून मी नागपूरहून गाळण कागदाचा एक डबा आणून दिला, आम्ही प्रयोगशाळेत वापरतो तसा. भाऊंनी पहिला कागद उजेडात धरला, जिभेच्या टोकाला लावून बघितला आणि म्हणाले, "हा पीते." पण पत्रिकाही त्यांनी सोडल्या नाहीत.

गाडीचं ऑइल कुठलं टाकायचं, या प्रश्नावर मात्र भाऊंचं मत ठाम होतं आणि तिथे त्यांची चौकशी थांबायची. साधं ऑइल टाका, पाच हजार किलोमीटरला बदला. महागड्या, जास्त चालणाऱ्या सिंथेटिकचं नाव काढलं की ते खाली बघत चप्पल शोधायला लागायचे.

"पन काऊन?" मीही त्यांच्यासारखं बोलायला लागले होते.

"पातळ राह्यते. जुन्या इंजिनात टिकत नाई. रबरी सिलातून पाझरते. आन ते म्हनतेत दहा-पंधरा हजार चालवा. मानसानं दहा हजार किलोमीटर एकच बनियान घालावं काय?"

मी गाडीची पुस्तिका आणली. ती इंग्रजीत होती म्हणून त्यांनी कधी कुणाची वाचली नव्हती. मी वाचून अर्थ सांगत गेले. त्यात दोन्ही प्रकारची ऑइलं चालतील असं होतं, फक्त दोघांचे किलोमीटर वेगळे. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, की फार उष्ण हवा, धुळीचे रस्ते किंवा थोड्या थोड्या अंतराच्या फेऱ्या असतील तर सांगितलेल्याच्या निम्म्याच अंतराला बदलावं.

भाऊंनी मला ते तीनदा वाचायला लावलं.

"हे त आपल्या धानोऱ्यासाठीच लिवून हाये," ते म्हणाले. "कोन मानूस असंन हो हा? भेटाले पायजे."

पहिलं वर्ष मी त्यांच्याच सांगण्याने साधं ऑइल वापरलं. माझं काम तेव्हा आसपासच्या गावांतलं होतं. तीन किलोमीटरवर एका गोठ्यात, तिथून चारवर दुसऱ्या, मग परत. इंजिन तापतं न तापतं तोच बंद. पाच हजारापर्यंत डाग पार काळा व्हायचा आणि भाऊ समाधानाने मान हलवून म्हणायचे, "पाह्यलं? बदलाचा टाइम झाला."

मग एका पावसाळ्यानंतर मी कामासाठी चंद्रपूरला गेले असताना गाडीचं सर्व्हिसिंग तिथेच करून घेतलं. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, ऑइल कोणतं टाकू? माझं लक्ष फोनवर. मी म्हणाले, तुम्हाला योग्य वाटेल ते. तिला सिंथेटिक योग्य वाटलं.

भाऊंना मी संध्याकाळी सांगितलं. रात्री ते जेवले नाहीत, असं बाई म्हणाल्या. सकाळी मी दार उघडलं तर ते गाडीपाशी उकिडवे बसून इंजिनाच्या चेंबरखालची माती निरखत होते, पाझर पडला का ते बघायला. जमीन कोरडी होती.

"काढून टाकायचं का, भाऊ?" मी विचारलं. मला खरंच वाईट वाटत होतं.

त्यांनी हाताची माती झटकली. "नाई," म्हणाले. "आता पडलंच हाये त पाहू. दर हजाराले थेंब घेऊ. मले बी समजन, काऊन मी याले नाव ठेवतो ते."

अशी आमची तपासणी सुरू झाली. त्याच सुमारास मला गडचिरोलीचा जादा कार्यभार मिळाला. रोज पस्तीस किलोमीटर जायचं, तेवढंच यायचं. हजार किलोमीटर दोन आठवड्यांत भरायचे. भाऊ रविवारी कागद घेऊन तयार. गाळण कागदावर एक थेंब, तारीख, किलोमीटर. हजार, दोन हजार, तीन. डाग सारखा, राखाडी, काठापर्यंत. भाऊ म्हणायचे, "नवं हाये अजून." चार हजार. "हं." पाच हजाराचा डाग त्यांनी दोन दिवस कपाटावरून खालीच काढला नाही. मी दुसऱ्या दिवशी विचारलं तर म्हणाले, ओला हाये. तो ओला नव्हता.

त्यांना हे ऑइल हरायला हवं होतं, हे मला स्पष्ट दिसत होतं. तरी त्यांनी एकही थेंब चुकवला नाही आणि एकही आकडा बदलला नाही. याचंच मला कुतूहल वाटायचं. स्वतःविरुद्धचा पुरावा इतक्या निगुतीने गोळा करणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता.

सात हजाराला डागाच्या मधे जरासा गडदपणा आला, पण पसरण तशीच. भाऊंनी तो कागद आणि आदल्या वर्षीची पाच हजाराची काळीकुट्ट पत्रिका शेजारी शेजारी ठेवली. बराच वेळ पाहिली. मग चष्मा काढून बनियानाला पुसला.

"बाई," त्यांनी आत बघून हाक मारली, "मी मिस्त्रीकडे जातो."

आतून भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. बाई बाहेर आल्या, त्यांच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि परत आत गेल्या.

मिस्त्री कोण, हे मला बाईंनीच त्या दुपारी सांगितलं. भाऊ सायकल घेऊन मुद्दामच कुठेतरी गेले होते.

अकरा वर्षांपूर्वी त्या मिस्त्रींचं गॅरेज धानोऱ्यातच होतं. घर मुसलमानांच्या गल्लीत, पण ईद असो की पोळा, दोघं एकमेकांच्या ताटात जेवायचे. थेंब टाकून डाग वाचायची विद्याही मिस्त्रींचीच. त्यांनी ती भाऊंना शिकवली होती. मग मिस्त्रींनी सिंथेटिक वापरायला सुरुवात केली आणि दोघांचे रोज वाद होऊ लागले. वाद गमतीचेच असायचे. एका उन्हाळ्यात मिस्त्रींनी एका प्रवासी जीपमध्ये ते ऑइल टाकलं. जीप जुनी, सवारी भरपूर. मुरूमगावच्या रस्त्यावर, लग्नाहून परतणाऱ्या लोकांना घेऊन येताना इंजिन जाम झालं. भर दुपारी बायका, लेकरं, म्हातारे दोन कोस चालत आले. एका म्हाताऱ्याला ऊन लागलं, तो चार दिवस दवाखान्यात होता.

"आन हे," बाई म्हणाल्या, "बाजाराच्या दिवशी चौकात उभे राह्यले आन मोठ्यानं बोल्ले, हा मिस्त्री इंजिन मारते, याच्याकडे गाडी नोका देऊ. साऱ्या बाजारानं आयकलं. यायचा शब्द तवा लय चालत होता. दोन महिन्यात गॅरेज बंद. तो गेला गडचिरोलीले."

"मग भाऊ?"

"तवापासून दुसऱ्याच्या तोंडून बी त्याचं नाव आयकत नाईत."

पुढच्या सोमवारी भाऊ माझ्या गाडीत बसले. धुतलेला पांढरा सदरा, मांडीवर फाईल. चातगावपर्यंत ती उघडत-मिटत होते. मग म्हणाले, "तुमी थांबाल ना थोडा वेळ?"

"थांबेन."

गॅरेज चामोर्शी रोडला होतं. मिस्त्री सत्तरीचे असतील. पांढरी दाढी, नाकावर चष्मा, एका ट्रॅक्टरच्या इंजिनावर वाकलेले. त्यांनी मान वर केली, भाऊंना पाहिलं, परत मान खाली घातली आणि हातातला नट पूर्ण आवळूनच सरळ उभे राहिले.

"बोला, डायवर भाऊ."

"तुले दाखवाले आनलं हाये."

भाऊंनी फाईल उघडून कामाच्या टेबलावर कागद मांडले. डावीकडे साध्या ऑइलच्या पत्रिका, उजवीकडे सिंथेटिकचे गाळण कागद, किलोमीटरच्या क्रमाने. मग हात मागे बांधून उभे राहिले, वर्गात उत्तरपत्रिका दिल्यासारखे.

"तू बरोबर होता," ते म्हणाले. "सिंथेटिक चांगलं राह्यते. मी उगाच नाव ठेवलं. तेच सांगाले आलो."

मिस्त्रींनी हात चिंधीला पुसले. एकेक कागद उचलून दाराच्या उजेडात धरला. मला वाटलं, म्हातारा आता रडेल किंवा मिठी मारेल. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"गाडी तुमची?"

"हो."

"हे पत्रिकावाले डाग हायेत, तवा गाडी कुठं चालत होती?"

"गावात. गोठ्यांवर. दोन-चार किलोमीटरच्या फेऱ्या."

"आन हे कागदवाले?"

"तेव्हा..." मी बोलता बोलता थांबले. "तेव्हा रोज गडचिरोली. सलग पस्तीस किलोमीटर."

"हां," मिस्त्री म्हणाले.

माझे कान गरम झाले. दोन नमुन्यांची तुलना करताना बाकी सगळं सारखं ठेवायचं, हे मी पहिल्या वर्षाला शिकले होते. छोट्या फेऱ्यांत इंजिन थंडच राहतं, डिझेल ऑइलात उतरतं, काजळी वाढते. लांब पल्ल्यावर तेच ऑइल स्वच्छ राहतं. आम्ही ऑइल बदललं आणि त्याच वेळी रस्ताही बदलला होता.

"आन भाऊ, हा कागद बी दुसरा हाये," मिस्त्री पुढे म्हणाले. "पत्रिकेवर थेंब कमी पसरते. याच्यावर कोनतंही ऑइल पसरन. कागद कोनी आनला?"

"मी," मी म्हणाले.

"हे बी समजा. डाग काय सांगते? काजळी धरून ठेवाची ताकद. ती ऑइलात टाकलेल्या औषधाची राह्यते. साध्यात चांगलं औषध टाकलं त त्याचा बी डाग असाच येईन. मीच त शिकवलं होतं तुले, याद नाई?"

भाऊंनी हो म्हटलं. त्यांचा चेहरा मला वाचता येईना.

मिस्त्रींनी सगळे कागद गोळा केले, काठ जुळवले आणि फाईलसकट भाऊंसमोर धरले.

"अकरा साल मी हे आयकाले थांबलो होतो, भाऊ. झोपीत बी आयकलं असंन. पन असं नाई पायजे मले. हे साबित नाई झालं."

"म्हनजे मी चूक, हे बी साबित नाई झालं?"

"नाई झालं."

मग भाऊंच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी विसरणार नाही. हायसं वाटणं नव्हतं ते. दुसऱ्याच कशाने तरी त्यांचे डोळे चमकले. त्यांनी कोपऱ्यातला स्टूल ओढला, बसले आणि म्हणाले, "मंग कसं साबित कराचं?"

दोघांनी डोकी एकत्र घातली. एकच गाडी, एकच रस्ता, एकच कागद. आता साधं ऑइल टाकायचं, चांगल्या दर्जाचं, आणि गडचिरोलीच्याच फेऱ्यांवर दर हजाराला थेंब घ्यायचा. मोसमाचं काय? मोसम हातात नाही, तो फरक लिहून ठेवायचा. मला कुणी विचारलंही नाही, गाडी माझी असून. मी उन्हात उभी राहून ऐकत होते. चहा आला. गार झाला.

निघताना भाऊ दारात थांबले. पाठमोरेच म्हणाले, "मिस्त्री, ते चौकातलं."

मिस्त्रींनी चिंधी घडी करून टेबलावर ठेवली. मग म्हणाले, "त्या जीपचे सील गेलेले होते. मी पाह्यले नाई. ते पातळ ऑइल तिले टाकाले नव्हतं पायजे. ऑइल पाझरून गेलं, मालकानं पट्टी पाह्यली नाई, पन चुकी माझी. तू जीपचं खरं बोल्ला होता."

"हव."

"पन चौकात नव्हतं बोलाले पायजे, भाऊ. माझ्याकडे येऊन बोलला असता त मी आयकलं असतं."

"हव," भाऊ म्हणाले. "आयकलं असतं तू."

परतीच्या वाटेवर ते खिडकीबाहेर बघत होते. मी एकदा विचारलं, बरं आहे ना? ते म्हणाले, "डॉक्टरबाई, दोन हजाराचा थेंब बुधवारी येईन काय, का गुरुवारी?" अजून ऑइल बदलायचंही होतं.

पुढचे अडीच महिने आमच्या घरी सण असल्यासारखे गेले. मिस्त्री दर हजाराला धानोऱ्याला यायचे. अकरा वर्षांत ते गावात फिरकले नव्हते, म्हणून पहिल्या वेळी एसटीतून उतरून सरळ घरी आले, इकडे तिकडे न बघता. बाईंनी त्यांच्यासाठी भाताबरोबर वाळल्या मोहाची भाजी केली. जेवताना दोघांचं भांडण. भाऊ म्हणायचे, डाग बाहेरून वाचावा; मिस्त्री म्हणायचे, आतून. मला दोन्ही बाजूंनी कागद दाखवले जायचे आणि मी काहीही म्हटलं तरी एकजण रुसायचा.

चार हजाराला साध्या ऑइलचा डाग आला तो सिंथेटिकच्या चार हजाराच्या शेजारी ठेवला. मिस्त्रींनी दोन्ही कागद उलटे केले आणि मला विचारलं, यातला साधा कोणता? मी चुकले. त्यांनी कागदांची अदलाबदल करून परत विचारलं, परत चुकले. भाऊ हसले, मोठ्याने, पोट धरून. बाई आतून बघायला आल्या, कारण तसं हसणं त्यांनीही बऱ्याच वर्षांत ऐकलं नव्हतं.

पाच हजाराला साध्याचा गाभा जरा गडद झाला. भाऊ म्हणाले, आता बदलावं. मिस्त्रींनी मान डोलावली. सिंथेटिकला तेवढा गडदपणा सात हजाराला आला होता. म्हणजे फरक होता, पण भाऊंनी आयुष्यभर मानला त्याच्या उलट दिशेने, आणि मिस्त्री सांगत त्याहून बराच कमी. पहिल्या वर्षी माझं ऑइल ज्याने काळं केलं होतं ती माझी गोठ्यांवरची धावपळ होती. त्या छोट्या फेऱ्यांवर सिंथेटिकचं काय झालं असतं, हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. मिस्त्रींनी ते कागदाच्या शेवटी लिहायला लावलं.

"आता काय?" मी विचारलं.

"आता चाला," भाऊ मिस्त्रींना म्हणाले.

"कुठी?"

"बाजारात. आज बाजार हाये."

मिस्त्रींना कळलं. ते नको नको म्हणू लागले. भाऊ, राहू दे ना, झालं गेलं. पण भाऊंनी सदरा घातलाही होता. आम्ही तिघं गेलो. दुपारचा बाजार भरात होता. सुकी मासळी, लाल मिरची, बांबूच्या टोपल्या, हाका, गर्दी. चौकातल्या चहाच्या टपरीपाशी दहा-बारा माणसं बसली होती, काही भाऊंच्या वयाची. भाऊ त्यांच्यासमोर उभे राहिले. मिस्त्री मागून त्यांची बाही ओढत होते.

"आयका," भाऊ म्हणाले. "अकरा सालाआधी मी इथीच उभा राहून बोल्लो होतो, का हा मिस्त्री इंजिन मारते. एका जीपवरून मी सारा मानूस खराब ठरवला. ते चुकलं. याच्यासारखा मिस्त्री या जिल्ह्यात नाई. मी सांगतो."

टपरीवाल्याने किटली खाली ठेवली. माणसं एकमेकांकडे बघू लागली. एका म्हाताऱ्याने कानाशी हात नेला.

"कोनती जीप, भाऊ?"

"मुरूमगावच्या रस्त्यावर बंद पडली ते."

म्हाताऱ्याने आठवून पाहिलं. शेजारच्याला विचारलं. त्यानेही मान हलवली. "याद नाई बा कोनाले," तो म्हणाला. "एवढ्या जुन्या गोष्टी कशाले काढून राह्यले तुमी?"

भाऊंनी मागे हात करून मिस्त्रींना दंडाला धरून पुढे आणलं, स्वतःच्या शेजारी.

"याले याद हाये," ते म्हणाले. "मी यालेच सांगून राह्यलो."